दीडशे मिलिमीटर

मे महिन्यात नागपुरात अंगणात गाडीचं काम काढायचं तर पहाटे साडेपाचला हात घालावा आणि नऊच्या आत आवरतं घ्यावं. नंतर पाना हातात धरवत नाही. ४५ अंशांचं ऊन स्प्रिंगच्या पोलादाचं काहीच वाकडं करत नाही. ते पोलाद कारखान्यात कित्येक शे अंशांवर तापून, मुरूनच बाहेर पडलेलं असतं. ऊन लागतं ते माणसाला. घाम डोळ्यांत उतरतो, तळहाताची पकड सुटते, आणि ‘एवढं एक उरकून टाकू’ अशी घाई अंगात शिरते. एअर फिल्टर किंवा स्पार्क प्लग बदलताना ही घाई चालून जाते. पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग दाबताना ती चालत नाही. का चालत नाही, ते नीट सांगावं असं फार दिवस मनात होतं. कारण आता स्प्रिंग दाबायची अवजारं घरपोच मिळतात, मोबाइलवर पाच मिनिटांत सगळं काम उरकलेलं दिसतं, आणि आपल्याकडची तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी खुशाल हे काम काढून बसतात. त्यांनी ते करावंच असं मला वाटतं. आपल्या गाडीखाली आपण गेलं पाहिजे. फक्त ज्याच्याशी गाठ आहे ते आधी माहीत असावं.

आमच्या शहरात पुढचे शॉकअप का बसतात, याचं उत्तर रस्त्यावरच मिळतं. नागपूरचे बरेच मोठे रस्ते आता सिमेंटचे झालेत. पण सिमेंटचा पट्टा संपून बाजूचे गट्टू (पेव्हिंग ब्लॉक) सुरू होतात तिथे कित्येक ठिकाणी चार बोटांची पायरी राहून गेलेली असते, आणि गल्लीत वळताना चाक रोज तिथेच खाली आपटतं. त्यात वस्त्यांमधले गतिरोधक, ज्यांच्यावर पांढरे पट्टेही नसतात. मग कधीतरी स्टिअरिंग फिरवताना वरच्या बाजूला ‘कर्र’ होतं, किंवा ब्रेकरवरून उतरताना ‘टक’ असा आवाज येतो. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. ती डुलत राहते. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसतो. टायरवरून हात फिरवला तर तो जागोजाग खोलगट झिजलेला लागतो. इतकं झालं की शॉकअप बदलायचा, आणि पुढचा शॉकअप बदलायचा म्हणजे स्प्रिंग दाबायची. त्याला दुसरी वाट नाही.

वाट नाही याचं कारण रचनेत आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. १९४० च्या दशकात त्याने ही मांडणी बसवली आणि १९५० च्या सुमारास इंग्लंडातल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांतून ती रस्त्यावर आली. आपल्याकडे ती घरोघरी पोचली डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० बरोबर. मांडणी अशी, की शॉकअप हाच चाकाला उभं धरणारा खांब. त्याच्या अंगावर एक थाळी, थाळीवर स्प्रिंग, स्प्रिंगवर वरचं माउंटिंग, आणि शॉकअपच्या दांड्याच्या टोकाला एक नट. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. छोटी गाडी स्वस्तात बनली त्यात या खांबाचा वाटा मोठा आहे.

पण स्प्रिंग या जुडग्यात मोकळी बसलेली नसते. तिची मोकळी लांबी जेवढी, त्याहून बरीच आखूड करून तिला इथे कोंडलेलं असतं. गाडी जॅकवर उचलली, चाक लोंबलं, तरी ती पूर्ण सुटत नाही. माउंटिंगला वर ढकलतच राहते. आणि माउंटिंगला खाली धरून ठेवतो तो दांड्यावरचा एकटा नट. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना पत्र्याचे घुमट दिसतात. बऱ्याच गाड्यांत घुमटाच्या कडेने दोन किंवा तीन नट आणि मध्यभागी एक असतो. कडेचे नट सोडले की अख्खा स्ट्रट खाली उतरतो, त्यात भीती नाही. मधला सोडला तर स्प्रिंग सुटते. काही गाड्यांत मांडणी निराळी असते, मधल्याच नटाने स्ट्रट बॉडीला बांधलेला असतो आणि स्प्रिंगचा नट त्याच्याखाली वेगळा. म्हणून आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल डोळ्यांखालून गेल्याशिवाय त्या घुमटावरच्या कुठल्याही नटाला पाना लावू नये.

त्या कोंडलेल्या स्प्रिंगमध्ये किती जोर असतो ते मी एकदा कागदावर मांडून पाहिलं, आणि या कामात बसायचं कुठे, डोकं ठेवायचं कुठे, हे तिथेच ठरून गेलं. छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरमागे २ किलो धरा. एक मिलिमीटर दाबायला २ किलोचा भार, दहा मिलिमीटरला २०. रॉबर्ट हूकने हा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवला होता आणि १६७८ मध्ये तो उकलून दाखवला. जेवढं ताणाल तेवढा जोर. शाळेत आपण हे पाठ करतो आणि सोडून देतो. आता धरा, की स्ट्रट उघडण्यापुरती जागा मिळवायला स्प्रिंग तिच्या मोकळ्या लांबीहून १५० मिलिमीटर आखूड करावी लागली. जोर झाला ३०० किलो.

जोरापेक्षा महत्त्वाची आहे ती आत साठलेली ऊर्जा, कारण ती सरळ रेषेत वाढत नाही, वर्गाने वाढते. १०० मिलिमीटर दाबली तेव्हा आत १०० ज्यूल होते. १५० ला ते २२५ होतात. दाब दीडपट आणि साठा सव्वादोनपट. म्हणजे ‘आणखी थोडी घट्ट करून ठेवू, काम सोपं जाईल’ म्हणून दिलेले शेवटचे वेढे सगळ्यात महाग पडतात. २२५ ज्यूल म्हणजे किती? स्वयंपाकघरातलं भरलेलं गॅस सिलिंडर पाऊण मीटर उंचीवरून सोडलं तर ते जेवढ्या मारानं फरशीवर आदळेल तेवढे. सिलिंडरचं वजन तीसेक किलो असतं, त्यामुळे त्याला वेग यायला वेळ लागतो. स्प्रिंग सुटते तेव्हा हाच साठा माउंटिंग आणि वरचे एक-दोन वेढे मिळून होणाऱ्या दोनेक किलोंत उतरतो. तो तुकडा ताशी ५४ किलोमीटर वेगाने निघतो, आणि तेवढा वेग घ्यायला त्याला सेकंदाचा साठावा भाग पुरतो. डोळ्याला काही दिसून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतोच. ‘सुटायला लागली तर पटकन बाजूला होईन’ असं म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघावेत. बाजूला आधीच असावं लागतं.

मला या कामात सगळ्यात अवघड वाटतं ते वेगळंच आहे. दाबलेली स्प्रिंग काहीही कळू देत नाही. पेट्रोल सांडलं तर वास येतो. सायलेन्सरची धग हात टेकायच्या आधी जाणवते. जॅक कलायला लागला तर करकरतो. स्प्रिंग ३०० किलो जोर पोटात घेऊन आपल्या मांडीशेजारी निमूट उभी असते. ना आवाज, ना कंप, ना ऊब. मोकळी आणि दाबलेली यांत डोळ्याला दिसणारा फरक एवढाच, की वेढे जवळ आलेले आहेत. ज्या धोक्याची आपल्या एकाही इंद्रियाला चाहूल लागत नाही, त्याची आठवण आपण सवयीने आणि शिस्तीने ठेवावी लागते. या कामातले सगळे नियम म्हणजे ती आठवण आहे, आणि म्हणून एकही नियम मला किरकोळ वाटत नाही.

जरा आडवळण घेतो, कारण या पोलादावर माझा जीव आहे. जुन्या अँबेसिडरला पुढे कॉइल स्प्रिंग नसे, टॉर्शन बार असे. सरळ लांब पोलादी दांडा, एक टोक पक्कं जखडलेलं, दुसरं चाकाच्या आर्मला. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं, की दांडा पिळवटायचा आणि परत सरळ व्हायचा. कॉइल स्प्रिंग पाहिली की वाटतं तार दबतेय, वाकतेय. खरं म्हणजे तीही पिळलीच जात असते. अँबेसिडरचा तो दांडाच कुणीतरी गुंडाळून ठेवला आहे. पिळ बसला की सगळ्यात जास्त ताण तारेच्या पृष्ठभागावर येतो, गाभ्यात जवळजवळ काहीच नसतो. म्हणून तर कारखान्यात स्प्रिंगच्या अंगावर बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करून तिची कातडी कणखर करतात आणि वर जाड रंग चढवतात. रस्त्यावरच्या खडीने त्या रंगाचा टवका उडाला, तिथे गंजाची एक खळगी पडली, की पुढचा प्रत्येक धक्का त्या खळगीवर येऊन साठतो. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खालच्या थाळीत जाऊन बसतो. ही माती ओल सोडत नाही. स्प्रिंग बहुतेकदा तिथेच, खालच्या वेढ्यात तुटते. शिवाय स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. गंजाने तार १० टक्के बारीक झाली तर कडकपणा एक तृतीयांश उतरतो. म्हणून जुनी स्प्रिंग परत वापरायची असेल तर आधी घासून, धुऊन, उजेडात फिरवून बघावी. खळगी दिसली, रंगाखाली फुगवटा दिसला, तर नवी घ्यावी, आणि दोन्ही बाजूंची घ्यावी. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला बसलेली ठेवली तर गाडी कलती राहते.

या पोलादात सिलिकॉन असतं, मँगनीज असतं, कधी क्रोमियम आणि व्हॅनेडियम. मँगनीज म्हटलं की मला आपलं मनसर आणि गुमगाव आठवतं. जिल्ह्यातल्या या खाणींतून शंभराहून अधिक वर्षं हे खनिज निघतंय आणि मॉयल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालयही इथंच नागपुरात आहे. स्प्रिंग हातात घेतली की कुठंतरी ही गावची ओळख निघाल्यासारखं वाटतं. असो. त्या पोलादाचा गुण त्याच्या पाण्यात, म्हणजे तापवण्या-थंडावण्याच्या क्रमात आहे. म्हणून तिला गॅसने तापवणं, वेल्डिंग लावणं, गाडी खाली बसवायला वेढा कापणं, हे सगळं तिला मारून टाकणं आहे.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते आमच्या गल्लीतले काकाजी. हिंगण्याला एसटीच्या कार्यशाळेत त्यांची नोकरी झाली. बसच्या कमानपाट्यांवर, म्हणजे एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसलेला हात, पण कारच्या कॉइल स्प्रिंगजवळ बसताना ते एकदम वेगळे व्हायचे. आवाज खाली यायचा. शेजारी खेळणारी पोरं आधी घरात जायची, मग कामाला सुरुवात. पहिल्याच दिवशी पाना हातात द्यायच्या आधी त्यांनी मला जागा दाखवली. ‘इथं बस. बाजूनं. तिचे दोन तोंडं असतात, एक वरचं आन् एक खालचं. त्या दोन्ही तोंडांसमोर काहीच नाही पाहिजे, तू नाही, मी नाही, गाडीची काच नाही. तोंड भिंतीकडं कर तिचं.’ मी विचारलं, ‘काकाजी, एवढ्यांदा केलंय तुम्ही, तरी भीती वाटते?’ ते म्हणाले, ‘भेव नाही वाटत बाप्पा. पण ते काही वळखत नाही न मले.’

त्यांच्याकडून जे घेतलं त्यात मी नंतर वाचून-बघून भर घातली आणि आता ते माझं झालं आहे, म्हणून इथे माझ्या क्रमाने सांगतो.

आधी जमीन. नागपुरातल्या बऱ्याच घरांचं अंगण काळ्या मातीवर टाकलेल्या गट्टूंचं असतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे गट्टू कधीच एका पातळीत राहत नाहीत. त्यावर नुसता जॅक लावला तर एक पाय रुतू शकतो. जॅकखाली आणि स्टँडखाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा हवाच. मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक, आणि गाडीचा भार स्टँडवर. जॅकवर सोडलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. चाक काढलं की ब्रेकच्या पाइपची क्लिप आणि एबीएसची वायर स्ट्रटपासून सोडवायची, स्टॅबिलायझरची लिंक काढायची. खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, धरणारे दोन मोठे बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या जागेवर खडूने किंवा रंगाने खूण करावी, म्हणजे चाकाचा कल परत जवळपास तिथेच येतो. नकल कधी ब्रेकच्या पाइपवर लोंबू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा. वरचे कडेचे नट सगळ्यात शेवटी, खालून कुणीतरी स्ट्रट धरलेला असताना. मधल्या नटाला अजून स्पर्श नाही.

इथे थांबून सगळं सामान उघडावं. नवा शॉकअप, माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉपर, रबरी टोपण, स्प्रिंगखालचं रबर. सगळं खोक्यातून बाहेर, लागेल त्या क्रमाने मांडलेलं. काकाजींचा यावर फार कटाक्ष होता. स्प्रिंग दाबून झाल्यावर ‘अरे, ते बेअरिंग चुकीचं दिलं वाटतं’ म्हणून दुकानात जायची वेळ येता कामा नये. दाबलेली स्प्रिंग अंगणात सोडून कुठेही जायचं नसतं; चहाला नाही, फोन घ्यायला नाही.

आता स्प्रिंग कंप्रेसर. घरी लोक वापरतात तो दोन लांब स्क्रूंचा, दोन्ही टोकांना हुक असलेला. त्याचे आटे आधी साफ करून तेल किंवा ग्रीस लावावं. आट्यांवर चकाकणारी कड उठलेली दिसली, स्क्रू कुठे जड आणि कुठे हलका फिरतोय असं वाटलं, तर तो कंप्रेसर बाद. स्वस्तातले काही संच पाहिले, त्यांचे हुक वाकवलेल्या पट्टीचे आणि तारेवर अर्धेच बसणारे. तसला संच मी हातातही धरणार नाही. हुक तारेला पूर्ण कवेत घेणारा हवा आणि त्याला अडकवायची पिन किंवा बोल्ट हवा. दोन कंप्रेसर स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर, जमतील तेवढे वेढे पकडून. आणि याशिवाय एक जाड पट्टा किंवा साखळी स्प्रिंगच्या आरपार, थाळ्यांसकट, सैल बांधलेली. हुक सुटले तर स्प्रिंग उडून जायच्या आधी तिला अडवणारं काहीतरी असावं म्हणून.

फिरवायचं हाताने. हवेची किंवा बॅटरीची गन या स्क्रूवर लावायची नाही. गनच्या ठोक्यांनी आटे तापतात, चावतात, आणि मुख्य म्हणजे हाताला कळणं बंद होतं. स्क्रू जड होत चालल्याची जी जाणीव मनगटाला होते, तीच एकमेव खबर ही स्प्रिंग देते. गन ती मारून टाकते. इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे. ‘बराबर मोजत राह्य, गोष्टी नको करू,’ असं काकाजी बजावत. हे मोजणं का लागतं तेही सांगतो. स्प्रिंगची तार उतरत्या वळणाने गेलेली असते, त्यामुळे हुक सपाट जागी बसलेला नसतोच, उतारावर बसलेला असतो. एक बाजू जास्त दाबली गेली की स्प्रिंगला दुसऱ्या बाजूला पोट येतं, आणि हुक त्या पोटाच्या विरुद्ध दिशेला, तारेच्या उतारावरून हळूहळू सरकायला लागतात. समोरासमोर लावलेले दोन हुक एकमेकांजवळ येऊ लागले की समजावं, मामला बिघडला. तेव्हा पुढे एक फेराही नाही. तसंच उलट फिरवत पूर्ण मोकळं करायचं आणि पहिल्यापासून.

किती दाबायचं? स्प्रिंग वरच्या माउंटिंगपासून सुटेपर्यंतच. माउंटिंग हाताने हलायला, फिरायला लागलं की पुरे. वेढे एकमेकांना टेकेपर्यंत कधीच नाही. वर दिलेला वर्गाचा हिशेब इथे कामाला येतो. मग मधला नट. शॉकअपचा दांडा नटाबरोबर फिरतो, म्हणून त्याच्या टोकाच्या खाचेत एल-की घालून तो धरायचा आणि नट रिंग पान्याने सोडायचा. दांडा पक्कडीने धरला तर त्याच्या चकचकीत अंगावर ओरखडा उठतो आणि तोच ओरखडा पुढे सील कापून तेल गळवतो. नट निघतानाही डोकं, छाती, हात, काहीही दांड्याच्या रेषेत नाही, अगदी माउंटिंग मोकळं झाल्याची खात्री पटली असली तरी.

बसवताना वेढ्याचं टोक थाळीतल्या खाचेला टेकलं आहे ना, वरचं रबर सरळ आहे ना, हे पाहून मधला नट आधी पूर्ण घट्ट करायचा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने, टॉर्क रेंच लावून. नंतरच कंप्रेसर सोडायला घ्यायचा, तोही तसाच, दोन इकडे, दोन तिकडे. लोक दाबताना जपतात आणि सोडताना सैल होतात, काम झालं असं वाटतं म्हणून. पण शेवटचा फेरा सुटेपर्यंत साठा आत असतोच.

मागच्या चाकांबद्दल थोडक्यात. पुष्कळ हॅचबॅकना मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून अॅक्सल जॅकने हळूहळू खाली उतरवला की स्प्रिंग जवळजवळ मोकळीच हातात येते, कंप्रेसर लागतही नाही. फक्त ब्रेकच्या पाइपवर ताण येऊ देऊ नये. ज्याला घरी सुरुवात करायची आहे त्याने मागून सुरुवात करावी.

आणि आता माझं मत, जे बऱ्याच जणांना आवडणार नाही. पुढचा स्ट्रट गाडीतून काढणं आणि परत बसवणं हे घरी करावं. त्यात शिकण्यासारखं सगळं आहे, गाडी खालून कशी जोडली आहे ते कळतं. पण स्प्रिंग दाबण्याचा मधला टप्पा, शक्य असेल तर, प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्यावा. प्रेस म्हणजे भिंतीला किंवा स्टँडला पक्का बसवलेला कंप्रेसर असतो, दोन रुंद पकडींत स्प्रिंग धरतो, सरळ दाबतो, तिला पोट येऊ देत नाही, आणि माणूस बाजूला उभा राहून हँडल फिरवतो. दोन्ही स्ट्रट डिकीत टाकून (दुसऱ्या गाडीच्या, अर्थात) नेले तर तासाभराचं काम. स्प्रिंग तुटलेली असेल, खूप गंजलेली असेल, वेढे इतके जवळ असतील की हुक आत जातच नाहीत, किंवा स्प्रिंग मुळातच एका अंगाला वळवून बनवलेली असेल, तर हे ‘शक्य असेल तर’ राहत नाही. तेव्हा घरी दाबायचीच नाही.

अडचण अशी, की प्रेस नसलेली गॅरेजं खूप आहेत. रिंग रोडला, कामठी रोडला, वाडीकडे जाताना टपरीवजा गॅरेजांत मी हे काम बघत आलोय. सोळा-सतरा वर्षांची पोरं, पायात चप्पल, डोळ्यांवर काही नाही. गाडीच्याच भाराने स्प्रिंग दाबायची, त्या अवस्थेत वेढे जाड तारेने किंवा नायलॉनच्या दोरीने बांधून टाकायचे आणि स्ट्रट बाहेर काढायचा. मग तो दोन पायांत धरून, त्यावर ओणवं होऊन मधला नट सोडायचा. तोंड बरोबर दांड्याच्या रेषेत. बांधायच्या तारेला किती भार पेलतो हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं, आणि ती किती वेळा वापरून झाली आहे हे कुणी मोजलेलं नसतं. त्यांचा हात इतका चालतो की बघणाऱ्याला ती सफाई वाटते. मला ते बघवत नाही. हे पोर कौशल्यात कुठेच कमी नाही; त्याच्याजवळ फक्त भिंतीवर ठोकलेलं एक लोखंडी अवजार नाही आणि ‘बाजूनं बस’ म्हणणारं मोठं माणूस नाही.

एका गॅरेजवाल्या भाऊंशी मी याबद्दल बोललो. त्यांनी सरळ सांगितलं, की गिऱ्हाईक मजुरीत शंभर-दोनशेची घासाघीस करतं, शेजारचा दोरी बांधून अर्ध्या वेळात करून देतो, मग प्रेसमध्ये पैसे कोण अडकवणार? त्यांचं खरं आहे. दोष त्या मजुरीत आहे आणि ती आपण ठरवतो. म्हणून मी आता शॉकअपच्या कामाला गाडी देताना भावाची गोष्ट मागून काढतो. आधी विचारतो, ‘भाऊ, स्प्रिंग कशावर दाबता, जरा दाखवता का?’ प्रेस असेल तर सांगतील ती मजुरी देतो. दोरी असेल तर गाडी तिथे लावत नाही, आणि का लावत नाही ते त्या मालकाला, त्याच्या पोराच्या समोर, सांगून निघतो.